सैल हात, जागी नजर

साशंक : पुण्या-नाशिकात दुचाकीवर वाढलेला माणूस कॅलिफोर्नियात जातो, तिथं मोटरसायकल घेतो आणि पहिल्यांदा फ्रीवेवर चढला की हादरतो. मग तो विचारू लागतो, या रस्त्यावर निवांत कसं चालवायचं? माझ्या मते त्याचा प्रश्नच चुकतो. आपल्याकडे असा रस्ता दुचाकीला बंदच असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू, यांतल्या एकाही ठिकाणी दुचाकीला प्रवेश नाही. बंदी योग्य की अयोग्य हा वाद वेगळा, पण तिच्यामागचं भय खोटं नाही. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीनुसार, तितक्याच मैलांच्या प्रवासात मोटरसायकलस्वार मरण पावण्याचं प्रमाण मोटारीत बसलेल्यांच्या वीसपटींहून जास्त आहे. ताशी ६५ मैलांचा, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटरचा वेग, दोन्ही बाजूंना मोटारी आणि ट्रक, अंगाभोवती पत्रा नाही. अशा जागी शरीर आखडत असेल तर ते शरीराचं शहाणपण आहे. नवशिक्याकडे कौशल्य नसतं, सवय नसते, या रस्त्याची ओळख नसते. त्याच्याकडे भीती तेवढी असते. त्याला निवांत व्हायला शिकवणं म्हणजे हा एकुलता एक पहारेकरीही झोपवणं.

उत्साही : पहारेकरी कामाचा असता तर खऱ्या धोक्याच्या जागी तो मोठ्यानं ओरडला असता आणि कमी धोक्याच्या जागी हळू. तसं होत नाही. हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला, पोलिसांचे ३,६०० अहवाल तपासले आणि १९८१ मध्ये निष्कर्ष मांडले. अपघाताची सर्वांत संभाव्य जागा ठरली चौक. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेल्या अपघातांपैकी दोनतृतीयांश अपघातांत समोरच्या चालकानं मोटरसायकलचा आधी जाण्याचा हक्क मोडला होता, आणि त्यामागचं मुख्य कारण म्हणजे त्याला मोटरसायकल दिसलीच नव्हती. अपघातापूर्वीचा मध्यक वेग निघाला ताशी २९.८ मैल, म्हणजे ४८ किलोमीटर. हा शहरातला वेग आहे. फ्रीवेवर चौक नाही, समोरून येणारं वाहन नाही, गल्लीतून अचानक बाहेर पडणारं कुणी नाही. सगळे एकाच दिशेनं, जवळजवळ सारख्या वेगानं चाललेले. कॅलिफोर्नियाचा कायदाही दुचाकीला दुचाकी म्हणून अडवत नाही, १५० सीसीपेक्षा लहान इंजिनाला अडवतो. आपल्याकडची घरोघरची शंभर सीसीची गाडी तिथल्याही फ्रीवेवर चढू शकणार नाही, कारण तिला त्या प्रवाहाचा वेग गाठता येत नाही. वेगांच्या तफावतीला तो कायदा धोका मानतो, असा मी त्याचा अर्थ लावते. आणि आपला नवशिका? ज्या चौकात टक्कर होण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिथं त्याला घरच्यासारखं वाटतं. जिथं चौकच नाही, तिथं त्याला घाम फुटतो. भीतीचं आणि धोक्याचं माप इतकं विजोड असेल, तर तिच्या शब्दावर किती विसंबायचं?

साशंक : तुम्ही दोन वेगळे हिशेब एकाच वहीत मांडलेत. अपघात किती वेळा होतो हा एक हिशेब. झालाच तर माणूस किती उरतो हा दुसरा. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. ताशी ३० मैलांच्या जागी ६५ मैल आले की वेग सव्वादोनपटींच्या आत राहतो, ऊर्जा मात्र साडेचारपटींच्या वर जाते. फ्रीवेवर चूक कमी वेळा भोवत असेल, पण भोवली की पुरती भोवते. शिवाय हर्ट यांचा तपास मोबाइल फोन लोकांच्या हातात येण्याच्या कितीतरी आधीचा. आज शेजारच्या लेनमधल्या चालकाची नजर रस्त्यावर आहे की मांडीवरच्या फोनवर, हे कोण सांगणार? त्याच अहवालातली आणखी एक नोंद तुमच्या नवशिक्याला जास्त लागू पडते. अपघातात सापडलेल्या स्वारांचा रस्त्यावरचा अनुभव सरासरी जवळजवळ तीन वर्षांचा होता, पण त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिनेही झालेले नव्हते. आपला माणूस तर दहा-पंधरा वर्षं स्कूटर चालवून गेलेला असतो. नजर पुढच्या पाच-दहा मीटरांवर, अंगठा हॉर्नवर, फट दिसली की शिरायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. ते कौशल्य खरं आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण ते ताशी ४० किलोमीटरचं कौशल्य आहे. फ्रीवेवर एका सेकंदात २९ मीटर रस्ता पायाखालून जातो. इथल्या अनुभवातून आलेला निवांतपणा तिथं उसना असतो, आणि तो उसना आहे हे त्या माणसाला कळत नाही.

उत्साही : उसना निवांतपणा मलाही नको आहे. 'मला काही होणार नाही' असं वाटणं, याची मी बाजू घेत नाही. मी हातांबद्दल, खांद्यांबद्दल, मानेबद्दल बोलते आहे. हवेचा रेटाही वेगाच्या वर्गानंच वाढतो. ताशी ३० मैलांचे ६० झाले की तो चौपट होतो. नवशिका त्या रेट्याला हँडल आवळून उत्तर देतो. मग छातीवर आदळलेला वारा खांद्यांतून हातांत आणि हातांतून पुढच्या चाकात उतरतो. या वेगाला मोटरसायकल हँडल दाबून वळवायची असते. डावीकडे जायचं तर डावी मूठ पुढं दाबायची, उजवीकडे जायचं तर उजवी. म्हणजे आखडलेल्या हातांनी झेललेला वाऱ्याचा प्रत्येक झोत हा गाडीला दिलेला, पण मनात नसलेला हुकूम ठरतो. गाडी डगमगते, स्वार आणखी आवळतो, गाडी आणखी डगमगते. वास्तविक वेगात असलेली मोटरसायकल स्वतःचा तोल बऱ्यापैकी स्वतः सांभाळते, पुढचं चाक थोडं हलू द्यावं लागतं एवढंच. कॅलिफोर्नियातल्या फ्रीवेवर अनेक ठिकाणी पाणी निघून जावं म्हणून लांबीच्या दिशेनं बारीक खाचा पाडलेल्या असतात. त्यांवर गेलं की चाक वळवळल्यासारखं वाटतं. मूठ सैल असेल तर ती वळवळ चाकापाशीच संपते, आवळलेली असेल तर खांद्यापर्यंत चढते. ऑल्टमाँट पासमधून ५८० क्रमांकाचा रस्ता जातो. तिथल्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, यावरूनच तिथल्या वाऱ्याची कल्पना यावी. अशा जागी गुडघ्यांनी टाकी धरायची, पाठ-पोटाच्या बळावर किंचित पुढं झुकायचं, कोपरं वाकलेली ठेवायची आणि हँडलवर हात नुसते ठेवायचे. हा आराम चैनीचा नाही. ताबा म्हणतात तो यालाच.

साशंक : शरीराच्या यंत्रविद्येबद्दल मी वाद घालणार नाही. पण 'सैल हो' हा हुकूम देऊन कुणी सैल झाल्याचं मी ऐकलेलं नाही. उलट असा हुकूम मिळालेला माणूस सैल दिसण्याचा प्रयत्न करतो, आणि तो प्रयत्न हेच त्याचं नवं ओझं होतं. मग तो बाजारात उपाय शोधतो. उंच काच बसवतो, जाड सीट घेतो, महागडं हेल्मेट घेतो, कानांत बोळे घालतो. वारा अंगावर येईनासा झाला, आवाज येईनासा झाला, की ताशी ८० मैल पूर्वीच्या ६० सारखे वाटू लागतात. मग तो ८० नं जातो. जेराल्ड वाइल्ड या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात हेच सुचवलं होतं, की माणूस स्वतःला सोसेल इतका धोका मनाशी ठरवून ठेवतो आणि सुरक्षिततेची सोय झाली की ती वेगात किंवा निष्काळजीपणात खर्च करून पुन्हा त्याच पातळीवर येतो. हा सिद्धांत सगळ्यांना मान्य नाही हे मला ठाऊक आहे. पण मोटरसायकलवर तो मला पटतो, कारण तिथं वेग कळण्याची साधनं म्हणजेच त्रासाची साधनं. अंगावरचा वारा, कानातला गोंगाट, हाताला येणारी थरथर, हीच स्वाराची इंद्रियं. त्यांना एकेक करून बधिर करायचं आणि नाव द्यायचं आरामाचं, हे मला घातक वाटतं.

उत्साही : सगळा त्रास काही सांगत असतो असं तुम्ही गृहीत धरता. आवाजाचंच घेऊ. फ्रीवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो. कामगारांच्या आरोग्यासाठी नेमलेल्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय संस्थेची मर्यादा अशी आहे : ८५ डेसिबल आठ तास, त्यापुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं. एवढ्या गोंगाटात ट्रकचा भोंगा ऐकू येतो का? तो गोंगाट बातमी देत नाही, बातमी बुडवतो. ध्वनी मंद करणारे पण भोंगा आणि सायरन पोचू देणारे बोळे म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या कायद्यालाही चालतात. थंडीचंही तसंच. उन्हाळ्यातही सॅन फ्रान्सिस्कोकडून २८० क्रमांकाच्या रस्त्यानं दक्षिणेकडे येताना डोंगरावरून धुकं उतरलेलं असतं, आणि त्याच दुपारी आत लिव्हरमोरकडे ऊन भाजत असतं. हवा दहा अंशांवर असली तरी ताशी ६० मैलांच्या वाऱ्यात उघड्या कातडीला ती चार अंशांसारखी लागते, असं अमेरिकेच्या हवामान खात्याचं सूत्र सांगतं. गारठलेली बोटं ब्रेक ओढायला उशीर करतात. हा त्रास सोसून स्वार अधिक सावध होतो का? त्याचं निम्मं लक्ष बोटांकडे जातं. मी एक कसोटी सुचवते. जो त्रास लक्ष खातो आणि बदल्यात काही सांगत नाही, तो काढून टाकावा. जो काही सांगतो, तो ठेवावा.

साशंक : ही कसोटी मला मान्य आहे, आणि तिच्यावर भीती उतरते, कारण भीती सांगत असते. त्रेपन्न फुटी ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या शेजारून जाताना स्वाराला अस्वस्थ वाटतं. वाटायलाच हवं. त्या ट्रकच्या उजव्या बाजूचा मोठा पट्टा चालकाला आरशात दिसतच नाही. तिथं निवांत झालेला स्वार रेंगाळतो, अस्वस्थ स्वार लवकर पुढं निघतो किंवा मागं राहतो. अंतराचं पाहा. दोन वाहनांत निदान दोन सेकंद ठेवा असं तिथले प्रशिक्षक सांगतात, ताशी ६५ मैलांना ते ५८ मीटर झाले. सुरुवातीला नवशिका तेवढं ठेवतो. मग त्या फटीत मोटारी शिरतात, तो वैतागतो, फट कमी करतो. महिन्याभरात त्याला एक सेकंदाच्या अंतरानं चालवताना काहीच वाटेनासं होतं. ही प्रगती की बधिरता? थांबलेल्या किंवा चालत्या मोटारींच्या रांगांमधून जाण्याचंही तसंच. कॅलिफोर्नियानं २०१६ मध्ये कायदा करून ते मान्य केलं. त्याआधी बर्कली विद्यापीठाच्या अभ्यासात निघालं होतं, की रहदारी ताशी ५० मैलांच्या आत असेल आणि स्वाराचा वेग तिच्यापेक्षा १५ मैलांहून जास्त नसेल तर हा प्रकार त्यामानानं सुरक्षित असतो. त्यातला 'तर' फार महत्त्वाचा आहे. पुण्याच्या सिग्नलला अशाच फटींतून वर्षानुवर्षं पुढं गेलेल्या माणसाला तो 'तर' जाणवणारच नाही, कारण त्याला त्या फटीची भीती कधी वाटलेलीच नसते. जिथं भीती नाही तिथं मर्यादाही नाही.

उत्साही : ट्रकचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथं भीतीनं एक निरोप दिला, स्वारानं तो ऐकला आणि जागा बदलली. जागा बदलल्यावर भीती ओसरायला हवी, कारण तिचं काम झालं. ज्याची भीती ट्रक मागं पडल्यावरही उतरत नाही, त्याला पुढच्या ट्रकचा वेगळा निरोप ऐकूच येणार नाही. म्हणून मला वाटतं, निवांतपणा मनात शोधायचा नसतो, रस्त्यावर मांडायचा असतो. पुढं अंतर ठेवलं, बाजूला मोकळी जागा राखली, आरशात दिसू अशी जागा धरली, की छाती आपोआप सैल होते. मोटरसायकल प्रशिक्षणात नजरेलाही असंच कोष्टक देतात : दोन सेकंदांचं अंतर राखा, पुढच्या चार सेकंदांचा रस्ता तपासा, बारा सेकंदांपुढं काय होऊ घातलंय त्याचा अंदाज घ्या. ज्याला बारा सेकंद दिसतात त्याला घाई होत नाही, आणि घाई नसली की घबराटही कमी होते. तुम्ही म्हणालात, हुकूम देऊन कुणी सैल होत नाही. अगदी खरं. पण त्याला मोठं अंतर देऊन, रविवारच्या सकाळी रिकाम्या रस्त्यावर एका एक्झिटपासून पुढच्या एक्झिटपर्यंत पाठवून सैल करता येतं. कायद्यानंच तशी शिडी केली आहे. कॅलिफोर्नियात शिकाऊ परवाना असेपर्यंत फ्रीवे बंद, रात्री चालवणं बंद, मागं कुणाला बसवणं बंद. एकवीस वर्षांखालच्यांना प्रशिक्षण सक्तीचं. एकेक पायरी अंगवळणी पडली की पुढची.

साशंक : त्या शिडीची एक पायरी गायब आहे, आणि नेमकी तीच महत्त्वाची. प्रशिक्षण होतं ते बंद आवारात. शंकूंमधून वळायचं, वर्तुळ काढायचं, अचानक ब्रेक लावायचा, आणि हे सगळं फ्रीवेच्या निम्म्या वेगाच्याही आत. मोटारीच्या शिकाऊ चालकाला फ्रीवेवर नेताना शेजारी कुणी बसू शकतं, चूक होताना पाहू शकतं, सांगू शकतं. मोटरसायकलवर शेजारची जागाच नाही. परवाना हातात येतो त्या दिवसापर्यंत या माणसानं ताशी ६५ मैलांनी एकदाही गाडी चालवलेली नसते, आणि दुसऱ्या दिवशी तो कायद्यानं पुरता लायक असतो. म्हणजे फ्रीवेवरचं शिक्षण त्याला एकट्यानं, रस्त्याकडूनच घ्यावं लागतं. तो रस्ता कसला शिक्षक आहे ते पाहा. शहरात चूक केली की लगेच कळतं. कुणी हॉर्न मारतं, कुणी आडवं येतं, पाय टेकावा लागतो. दिवसातून दहा वेळा छोटा कान पिळला जातो. फ्रीवे, तुम्हीच म्हणालात तसा, सरळ आहे, चौक नाहीत, अडथळे नाहीत. एक सेकंदाच्या अंतरानं हजार वेळा गेलं तरी काही होत नाही. आरशात न बघता लेन बदलली तरी बहुतेकदा काही होत नाही. चुकीला शिक्षा नाही म्हणून ती चूक आहे हेच कळत नाही. आणि चुकीबद्दल काही न ऐकता काढलेले सहा महिने माणसाला काय देतात? निवांतपणा. तुम्ही शिकवू पाहता तसाच दिसणारा, तसाच वाटणारा, पण आतून पोकळ.

उत्साही : याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. ज्या सुरक्षित रचनेची मी सुरुवातीला बाजू घेतली, तीच रचना स्वाराला त्याच्या चुका कळू देत नाही, हे मला मान्य करावं लागतं. तरीही खरा आणि पोकळ निवांतपणा ओळखायचा काही मार्ग असला पाहिजे. दोन्हींत हात सैलच असतात, श्वास शांतच असतो, तेव्हा शरीराकडे पाहून कळणार नाही. मग लक्षाकडे पाहावं. खऱ्या निवांतपणात लक्ष शिल्लक असतं आणि ते रस्त्यावर खर्च होत असतं. म्हणून स्वारानं मधूनमधून स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आरशात न बघता, माझ्या मागं आत्ता कोणतं वाहन आहे? पुढच्यानं या क्षणी ब्रेक मारला तर मी कुठं जाईन? गेल्या मिनिटभरात माझ्या बाजूच्या लेनमध्ये काय बदललं? तिन्हींची उत्तरं चटकन आली तर हात सैल असण्याचा त्याला हक्क आहे. एकाचंही आलं नाही तर तो निवांत नाही, गैरहजर आहे. आणि माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही. आखडलेल्या स्वारालाही ही उत्तरं येणार नाहीत, कारण त्याचं सगळं लक्ष हँडलवर आणि स्वतःच्या छातीतल्या धडधडीवर लागलेलं असतं. घाबरलेला आणि सुस्तावलेला, दोघंही रस्ता पाहत नाहीत. नवशिक्याला या दोघांच्या मधली जागा शोधायची आहे, आणि आखडलेल्या हातांनी तिथं पोचता येत नाही.

साशंक : तीन प्रश्न चांगले आहेत. पण ते विचारायचे कुणी? त्याच मनानं, जे तासभर एकसुरी घरघर ऐकून मंदावलेलं आहे. ज्या क्षणी प्रश्नाची सर्वांत जास्त गरज, त्याच क्षणी तो विचारण्याची आठवण सर्वांत कमी. झोप येऊ लागलेल्या माणसाला आपल्याला झोप येते आहे हे उशिरानंच कळतं. म्हणून मी नवशिक्याला गाडीवर बसण्याआधी ठरवलेले नियम देईन, तेव्हाच्या वाटण्यावर न सोडलेले. पाऊण तास झाला की बरं वाटत असो वा नसो, पुढच्या एक्झिटला उतरायचं, हेल्मेट काढायचं, पाणी प्यायचं. अंतर दोन सेकंदांखाली गेलं की कितीही निवांत वाटलं तरी वेग कमी करायचा. आधीच ठरवलेली वेगमर्यादा त्या दिवशी ओलांडायची नाही. हे नियम भीतीचं काम करतील, तिची थरथर न आणता. बघा, मी इथवर तुमच्याकडे सरकलो आहे. पहारेकरी भीतीच असावी हा हट्ट मी सोडतो. तुमची गारठलेली बोटं आणि आवळलेल्या मुठी मला पटल्या. पण पहारेकरी स्वतःच्या वाटण्याबाहेरचा असावा, यावर मी ठाम आहे. तुमचा निवांतपणा मी मान्य करतो, त्याच्या हाती किल्ल्या देत नाही.

उत्साही : आणि मी तुमचे नियम मान्य करते, पण तेही कायमचे टिकणार नाहीत अशी मला भीती आहे. पहिल्या महिन्यात पाऊण तासाला उतरणारा स्वार सहाव्या महिन्यात म्हणेल, की आता मला गरज नाही. कदाचित ते खरंही असेल. कौशल्य वाढलं की नियम सैल होणारच, नाहीतर शिकण्याला अर्थ काय? त्या दिवशी त्याला ठरवावं लागेल, की हे वाढलेल्या कौशल्यानं म्हणवतं आहे की वाढलेल्या सवयीनं. तुमचा नियम तो प्रश्न पुढं ढकलतो, सोडवत नाही. माझे तीन प्रश्नही सोडवत नाहीत, हे तुम्ही दाखवलंत. सुरुवातीला मला वाटत होतं की नवशिक्याची अडचण घबराटीची आहे, ती गेली की काम झालं. आता वाटतं, घबराट ही त्याची सोपी अडचण, कारण ती स्वतःहून समोर येते. मूठ दुखते, मान दुखते, दुखणाऱ्या गोष्टीवर इलाज करता येतो. अवघड काळ त्यानंतरचा. तेव्हा काहीच दुखत नाही, वारा ओळखीचा झालेला असतो आणि गाडी सरळ रेषेत चाललेली असते. हात सैल ठेवायला कुणी शिकवू शकेल. पण नजर जागी आहे की नाही, हे त्याच नजरेनं कसं तपासायचं?